पोर्तुगीज पासपोर्ट काढताय? क्रम चुकला की फाइल परत येते

पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांच्या नोंदीवरून गोव्यात अनेकजण पोर्तुगीज पासपोर्ट काढतात. तिथल्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या (जन्म-लग्न नोंदणीच्या) ऑफिसबाहेर, टायपिंगवाल्याच्या टेबलाशी अर्धा तास उभं राहा. एकच संवाद दोन-तीनदा कानावर पडेल. "आज्याच्या नावात एक्स आहे आणि बाबांच्या नावात एस-एच. चालेल ना?" टायपिंगवाला म्हणतो, "चालतं सगळं, अॅफिडेव्हिट करूया." वर्षभराने लिस्बनहून पत्र येतं आणि चाललेलं नाही असं कळतं.

पासपोर्ट काढावा की काढू नये, हा वाद प्रत्येकाने आपापल्या घरात घालावा. हा लेख ज्यांचं ठरलंय किंवा ठरत आलंय त्यांच्यासाठी आहे. माझ्या स्वतःच्या नात्यातल्या चार फाइली मी बसून लावल्या. त्यातली पहिली परत आली आणि त्या पहिलीनेच मला सगळं शिकवलं.

टप्पा १: काय हातचं जातं ते आधी लिहून काढा

"काढून ठेवूया, वापरायचा नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार आहे: ती काढून ठेवायची वस्तू नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. संविधानाचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९ एकच गोष्ट सांगतात. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, कुणी नोटीसही पाठवत नाही. परदेशी पासपोर्ट हाती असणं हाच नियमांनुसार निर्णायक पुरावा धरला जातो.

नुसतं लिस्बनच्या जन्मनोंदवहीत नाव घातलं, पासपोर्ट काढलाच नाही, तर? गोव्यातले वकील आणि राजकारणी यावर वर्षानुवर्षं भांडतायत. पोर्तुगाल म्हणतो, १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस जन्मानेच आमचा, आम्ही फक्त नोंद करतो. भारत म्हणतो, १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने तुम्ही भारतीय झालात, आता दुसरीकडे जाणं ही तुमची निवड. या दोन भूमिकांच्या मधल्या फटीत आयुष्याची आखणी करू नये. नोंद घातली म्हणजे पाऊल उचललं, असंच धरून चाला.

मग वहीत एक पान घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहा:

- सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत आहे का? परदेशी नागरिक त्या खुर्चीवर राहू शकत नाही.
- पंचायत किंवा पालिकेची निवडणूक लढवायची आहे का? मतदानाचा हक्कही जातो.
- पुढे शेतजमीन, काजूची बागायत किंवा कुळागर विकत घ्यायचा विचार आहे का? ओसीआय कार्ड (परदेशी झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारा आयुष्यभराचा व्हिसा) असलं तरी ते विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वाट्याला आलेलं मात्र ठेवता येतं.
- लग्न गोव्याच्या नागरी कायद्याखालचं आहे का? मग मालमत्तेत नवरा-बायको साधारणपणे अर्ध्या-अर्ध्याचे मालक असतात आणि विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. एक परदेशी आणि एक भारतीय अशी जोडी झाली की प्रत्येक व्यवहाराला जास्तीचे कागद लागणार.

इथे थांबून तपासा: तुम्हाला जायचं नेमकं कुठे? अजूनही "इंग्लंडात स्विंडनला मावशी आहे" म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट काढणारे भेटतात. तो रस्ता बंद झालाय. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर मुक्त ये-जा ३१ डिसेंबर २०२० ला संपली. आधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठीच्या सेटलमेंट योजनेची मुख्य मुदत ३० जून २०२१ ला उलटली. आज पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नुसतं फिरायला जायचं तरी आधी ऑनलाइन ईटीए परवाना घ्यावा लागतो, आणि नोकरीला इतरांसारखाच वर्क व्हिसा. पासपोर्टचा उपयोग आहे तो पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा संघातल्या देशांत. तिथे काम मिळण्यासारखं कसब आणि थोडी भाषा हाताशी नसेल, तर आधी त्याची तयारी करा. फाइल कुठे पळून जात नाही.

टप्पा २: मूळ पुरुष कोण ते ठरवा

कुटुंबातला कोणता माणूस १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात, दमणमध्ये किंवा दीवमध्ये जन्मला, ते शोधा. सगळी साखळी त्या एका माणसावर उभी राहते. आपल्याकडे इथेच एक खाचखळगा आहे, आणि तो पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण या सीमेवरच्या तालुक्यांत हमखास लागतो: पहिलं बाळंतपण माहेरी.

आजीचं माहेर सावंतवाडी, वेंगुर्ला किंवा कारवार असेल, तर आजोबांचं घर पिढ्यान्‌पिढ्या पेडण्यात असूनही वडिलांचा जन्म पोर्तुगीज हद्दीबाहेरचा. नोंद तिकडच्या दप्तरात, किंवा कुठेच नाही. अशा वेळी वडिलांना मूळ पुरुष धरता येत नाही. एक पायरी वर जायचं, आजोबांचा जन्म गोव्यातला आहे का पाहायचं आणि साखळी तिथून सुरू करायची. शाळेच्या दाखल्यावर "जन्मगाव: पेडणे" लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं आणि काकांनी सांगितलं, एवढाच त्याचा आधार असतो.

दुसरी गोष्ट: साखळीतली माणसं जिवंत असतानाच हे करा. १९६१ नंतर जन्मलेल्या मुलाने किंवा मुलीने पोर्तुगीज नागरिकाचं अपत्य म्हणून स्वतः घोषणा करायची असते. वडील वारले असतील तर त्यांची ती घोषणा तुम्ही करू शकत नाही. मग नातवंड म्हणून वेगळ्या वाटेने जावं लागतं. त्या वाटेवर पोर्तुगीज भाषेचं पुरेसं ज्ञान दाखवावं लागतं, आणि आपल्या पिढीत पोर्तुगीज येणारे किती उरलेत ते तुम्हाला ठाऊक आहे. मधली पिढी हयात असेल तर एकेक पायरीने चढा: आजोबा, मग वडील, मग तुम्ही.

टप्पा ३: नावांचा तक्ता

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा टप्पा तरी नीट वाचा. दहातल्या आठ फाइली इथे अडकतात, असा माझा अंदाज.

पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीत कारकुनाने आपली नावं त्याच्या कानाला ऐकू आली तशी, त्याच्या स्पेलिंगात लिहिली. 'श' साठी एक्स, 'क' साठी कुठे सी तर कुठे क्यू-यू, आणि नावाच्या शेवटी एक 'आ' किंवा 'ओ' चिकटवलेला. यशवंतचा एस्वोंता झाला, जयरामचा झोयराम, वामनचा वामोना. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई आलं. प्रभूचा पोरोब, कामतचा कामोतिम, शेणवीचा सिनाय. पुढे मुक्ती आली, शाळा मराठी-इंग्रजी झाल्या, आणि त्याच घरातला मुलगा दाखल्यावर साधा 'नाईक' लिहायला लागला. लिस्बनमधल्या नोंदणी अधिकाऱ्याला हे दोघे बाप-लेक कशावरून वाटावेत?

बायकांच्या नावांचं प्रकरण याहून अवघड. हिंदू घरात लग्नात नाव बदललं जायचं. आजी माहेरची सुमती, सासरची लक्ष्मी. तिच्या जन्मनोंदीत सुमती, लग्ननोंदीत सुमती, मुलाच्या जन्मनोंदीत लक्ष्मी, निवडणूक ओळखपत्रावर लक्ष्मीबाई. परत आलेली आमची फाइल हीच. मावसभाऊ म्हणाला, "अरे, सगळ्या वाड्याला ठाऊक आहे ती एकच बाई." वाड्याला ठाऊक आहे, पण वाडा लिस्बनला जाऊन साक्ष देणार नाही.

म्हणून एक मोठा कागद आडवा धरा. डावीकडे प्रत्येक माणूस, वरच्या ओळीत प्रत्येक दस्तऐवज: जन्म, लग्न, मुलांच्या जन्मनोंदी, पासपोर्ट, आधार, मृत्यू. प्रत्येक चौकटीत त्या कागदावर नाव जसं आहे तसंच, एकेक अक्षर पाहून उतरवा. स्वतःच्या मनाने सुधारू नका. जन्मतारीख, आईचं पूर्ण नाव आणि जन्मगाव यांचाही असाच तक्ता करा. मग लाल पेनने फरक खुणा करा.

फरकांचे तीन ढीग पडतील.

नुसत्या लिपीचे फरक, म्हणजे एक्स आणि एस-एच यांसारखे: हे बहुधा समजून घेतले जातात, कारण लिस्बनने असे गोव्याचे कागद ढिगाने पाहिलेत. तरी सोबत स्पष्टीकरण जोडा.

नाव किंवा आडनावच वेगळं असण्याचे फरक: इथे 'वन अँड सेम'चं, म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची असं सांगणारं, अॅफिडेव्हिट अपुरं पडतं. मूळ नोंदीतच दुरुस्ती किंवा शेरा घालून घ्यावा लागतो, तोही सिव्हिल रजिस्ट्रारमार्फत किंवा कोर्टाच्या आदेशाने. वेळ खाणारं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

तारखांचे फरक: शाळेची तारीख १ जून आणि नोंदवहीतली १४ नोव्हेंबर, हा घरोघरचा प्रकार. नोंदवहीतली तारीख धरायची आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवायचे. उलटं करायला जाऊ नका.

सावधान: नाव "जुळवण्यासाठी" कुणी नवी जन्मनोंद करून देतो म्हणाला तर उठून निघून या. प्रौढपणी उशिरा केलेली नोंद लिस्बनला संशयास्पद वाटते, आणि त्यात तथ्य आहे. पोर्तुगालच्या कायद्यात आई-बापाशी नातं मूल अल्पवयीन असतानाच नोंदलेलं असेल, तर ते साधारणपणे राष्ट्रीयत्वासाठी धरतात. खोटी नोंद निघाली तर फाइलच नव्हे, पुढचं सगळंच जातं.

टप्पा ४: कागद काढणं

जुन्या पिढीसाठी छापील फॉर्मवरचा जन्मदाखला पुरत नाही. नोंदवहीतल्या पानाचीच साक्षांकित प्रत मागा. जुने कारकून याला 'तेओर' म्हणतात आणि तो शब्द वापरलात की काम लवकर कळतं. पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेले शेरे प्रतीत आलेत का पाहा. लग्न, दुरुस्ती, मृत्यू हे सगळं त्या कडेलाच असतं. तालुक्यात पान सापडलं नाही तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घ्या. सोबत वर्ष, गाव आणि बापाचं नाव घेऊन जा. "आजोबा साधारण पंचविसातले" एवढ्यावर कुणी वह्या उघडत नाही.

नंतरच्या पिढीचे दाखले पंचायतीत किंवा पालिकेत मिळतात. लग्नाचे सिव्हिल रजिस्ट्रारकडेच.

त्यानंतरचा क्रम असा: प्रत, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), आणि शेवटी इंग्रजी कागदांचं पोर्तुगीज भाषांतर. जुनं पान मुळात पोर्तुगीजमध्ये असेल तर भाषांतराचा खर्च वाचतो. पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीमार्फत जाणार असाल तर साक्षांकनाची तिथली रीत आधी विचारा, कारण थेट लिस्बनला पाठवणं आणि वकिलातीतून पाठवणं यांच्या मागण्या तंतोतंत सारख्या नसतात.

सावधान: नावांचा तक्ता पूर्ण होण्यापूर्वी अपोस्टिल करू नका. दुरुस्ती निघाली की नवी प्रत, नवं अपोस्टिल, नवं भाषांतर, म्हणजे खर्च दुप्पट. मी तो भरलाय.

टप्पा ५: लिस्बनला जाणारा क्रम

कागद जातात ते 'कन्सर्वातोरिया दुश रेजिश्तुश सेंत्राइश' या लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात. क्रम सोडू नका:

१. मूळ पुरुषाचा किंवा स्त्रीचा जन्म.
२. त्यांचं लग्न.
३. त्यांच्या अपत्याचा जन्म.
४. त्या अपत्याचं लग्न.
५. मग तुम्ही.

लोक दुसरी पायरी गाळतात. "लग्नाचं कशाला, जन्माचाच तर प्रश्न आहे!" पण पोर्तुगालच्या नोंदवहीत आई-बापाचं लग्नच नसेल, तर मूल त्या बापाचं कशावरून हा प्रश्न उभा राहतो. आज्याची नोंद झाली म्हणून आनंदाने वडिलांची फाइल टाकली, आणि सात-आठ महिन्यांनी "विवाहाची नोंद सादर करा" असं पत्र आलं, हे मी तीन घरांत पाहिलं.

गोव्याबाहेरची बायको किंवा नवरा असेल तर त्यांची वाट वेगळी. त्यांना वंशाने काही मिळत नाही. लग्न पोर्तुगालमध्ये नोंदलेलं हवं आणि तीन वर्षांहून जास्त झालेलं हवं, मग स्वतंत्र अर्ज. तोवर कुटुंबीय म्हणून सोबत राहता येतं, पण त्यासाठी युरोपात गेल्यावर वेगळं निवासकार्ड काढावं लागतं.

पोर्तुगालमध्ये राष्ट्रीयत्वाच्या कायद्यात अलीकडे बरीच ओढाताण चाललीय. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केलं ते ऐका, पण फाइल टाकण्याच्या आठवड्यात वकिलातीची ताजी यादी पाहूनच टाका.

टप्पा ६: एजंट आणि मुखत्यारपत्र

एजंट लागतोच असं नाही. लागलाच तर तीन गोष्टी पाळा. मूळ कागद हातचे सोडू नका, प्रती द्या. 'प्रोकुरासांव' म्हणजे मुखत्यारपत्र फक्त नोंदणीच्या कामापुरतं आणि मुदतीचं असू द्या. "सर्व प्रकारचे व्यवहार" असं लिहिलेलं दिसलं तर त्यात तुमचं घरही येतं हे लक्षात ठेवा. आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक टप्प्याचा पोच क्रमांक हातात आल्यावर.

हल्ली काही एजंट भलतीच वाट सुचवतात: "फाइलला वेळ लागतोय ना? टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडे असायलम टाका." हे ऐकूच नका. आश्रय हा १९५१ च्या निर्वासित करारातला हक्क आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यामुळे आपल्या देशात छळ होण्याची साधार भीती असलेल्यांसाठी तो आहे. मडगावात पगार कमी पडतो हे त्यात बसत नाही. खोटी कहाणी रचून अर्ज केला तर तो फेटाळला जातो, बोटांचे ठसे युरोपच्या नोंदीत जातात, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाला ते आडवे येतात. खऱ्या छळातून पळालेल्या माणसाची रांग त्यामुळे लांबते ती वेगळीच.

टप्पा ७: कार्ड, पासपोर्ट आणि भारतीय पासपोर्ट परत

लिस्बनची जन्मनोंद हाती आली की आधी नागरिक ओळखपत्र, म्हणजे 'कार्ताव द सिदादाव'. जुनी माणसं त्याला अजून 'बीआय'च म्हणतात. मग पासपोर्ट. दोन्हींसाठी स्वतः हजर राहून बोटांचे ठसे द्यावे लागतात.

इथून पुढे भारतीय पासपोर्टवर प्रवास नाही, त्याचं नूतनीकरण नाही, मतदान नाही. नूतनीकरणाच्या अर्जात "दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय का" असा प्रश्न असतो. त्यावर "नाही" अशी टिक करणं ही माहिती दडवणं ठरते. गोव्यात कितीतरी जणांना भारतीय पासपोर्ट जमा करताना सरेंडर सर्टिफिकेट मिळण्याऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचा आदेश हातात पडला, आणि त्यापायी त्यांचं ओसीआय रखडलं. याबाबतच्या केंद्राच्या सूचना बदलत राहिल्यात. म्हणून अर्ज करण्याआधी पासपोर्ट कार्यालयात लेखी विचारून घ्या, आणि पोर्तुगीज नोंदणीची खरी तारीख लपवू नका. तारीख कधी ना कधी निघतेच, कारण ती पोर्तुगीज जन्मनोंदीवरच असते.

इथे थांबून तपासा: पासपोर्ट मिळाला तेव्हा तुम्ही गोव्यातच होतात का? मग आता तुम्ही भारतात राहणारे परदेशी आहात आणि तुमच्याकडे व्हिसा नाही. पणजीच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन मुक्काम नियमित करून घेणं किंवा बाहेर पडण्याची परवानगी घेणं हे पहिलं काम. विमानतळावर गेल्यावर पाहू म्हणणारे काउंटरवर अडकतात.

टप्पा ८: ओसीआय आणि घरची आवराआवर

ओसीआयचा अर्ज ऑनलाइन. सरेंडरचा कागद, पूर्वीचं भारतीयत्व दाखवणारा पुरावा आणि नवा पासपोर्ट लागतो. या तिन्हींवर नाव सारखं हवं, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातला तक्ता इथे पुन्हा कामी येतो. ओसीआय हे आयुष्यभराचा व्हिसा आहे, नागरिकत्व नव्हे. पत्रकारिता, संशोधन किंवा धर्मप्रसाराचं काम करायचं तर २०२१ पासून वेगळी परवानगी लागते.

सोबत उरकायची कामं: मतदार यादीतून नाव काढण्यासाठी फॉर्म ७. परदेशी राहायला जाताच बँकेचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करणं. पॅन तसाच राहतो, फक्त निवासाची माहिती बदलायची. घराचं, भाटाचं (बागायतीचं), मुंडकारीचं (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या राहत्या घराच्या हक्काचं) काही चालू असेल तर इथे राहणाऱ्या भावा-बहिणीला ठरावीक कामापुरतं मुखत्यारपत्र देऊन ठेवा.

दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरताना पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. ओसीआय वयाच्या विशीआधी मिळालं असेल, तर विशीनंतर पासपोर्ट नवा झाला की कार्ड एकदा नवं करून घ्यावं लागतं, आणि पन्नाशीनंतर नव्या पासपोर्टची प्रत पोर्टलवर एकदा चढवावी लागते. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा.